गायरान गेले, नोंद कुठे आहे?

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई – ४०० ०३२

महोदय,
स. न. वि. वि.

गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून तहसीलला, तिथून मंडळ अधिकाऱ्यांकडे, आणि "स्थळपाहणी केली, तक्रारीत तथ्य आढळून आले नाही" एवढ्या एका ओळीत निकाली निघते. एका गट क्रमांकाची तक्रार करायची नाही. गायरान, म्हणजे गावाची गुरे चारायची जमीन, सरकारी कामाला देण्याआधी गावाला कळलेच पाहिजे, असा कायदा मागायचा आहे.

तरी आमच्याकडे काय झाले ते सांगतो. माझ्या शेताच्या बांधाला लागून गायरान आहे. एका उन्हाळ्यात सकाळी तिथे सिमेंटचे खांब येऊन पडले आणि आठवड्याच्या आत तारेचे कुंपण झाले. गुरे घेऊन गेलेली पोरे माघारी आली. सरपंचांना विचारले, तर म्हणाले, "वरून आलंय." तलाठी म्हणाले, "आगाऊ ताबा दिलाय." (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावाच्या तोंडात अजून तलाठीच.) म्हणजे रीतसर आदेशाआधीच ताबा. कोणी दिला, कोणाला दिला? सरकारने सरकारला. दहा रुपयांचे तिकीट लावून माहितीचा अर्ज टाकला. उत्तर आले, ताबापावती मागणी करणाऱ्या विभागाकडे असण्याची शक्यता आहे. त्या विभागाने अर्ज परत महसूलकडे पाठवला. कुंपणाच्या आत आजवर काही उभे राहिलेले नाही. गवत मात्र कमरेएवढे वाढून वाळते. एका कोपऱ्यात शेळ्यांनी तार वाकवून वाट केली आहे, तेवढाच काय तो गावाचा हक्क उरला.

आता हीच जमीन माझ्या नावावर असती तर? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, मग अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. हरकतीला साठ दिवस. नंतर निवाडा, मोबदला. घेतलेली जमीन पाच वर्षे वापराविना पडून राहिली, तर मूळ मालकाकडे किंवा सरकारच्या लँड बँकेत परत करण्याचे कलम १०१. या कायद्यातही पळवाटा आहेत, पण निदान कागद बोलतो. गायरान मात्र एका विभागाकडून दुसऱ्याकडे जाताना चकार शब्द निघत नाही, कारण सात-बारावर आधीही सरकार आणि नंतरही सरकारच.

कायद्यात काहीच नाही असे नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी जमीन गुरचरणासाठी राखून ठेवतात. कलम २२-क म्हणते की गायरान दुसऱ्या वापराला द्यायचे नाही. सार्वजनिक प्रकल्पासाठी द्यायचेच झाले, तर दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसली पाहिजे. म्हणजे ती नाही, असे कोणाचे तरी मत व्हायला हवे. माझा सगळा जीव या 'मता'त अडकला आहे. ते मत कुठल्या कागदावर असते? दुसरे कोणते गट पाहिले, ते का नाकारले? ज्या गावाचे गायरान जाते, त्याला ते वाचायला मिळते का? आम्हाला मिळाले नाही.

उलट गरिबाची नोंद बघा. गायरानावर कोणी दोन पत्रे टाकून खोपट उभे केले, की गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, आहेच. नाव, क्षेत्र, किती वर्षांपासून, सगळे रकाने. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात, जगपाल सिंग प्रकरणात, गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असे सर्व राज्यांना सांगितले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आपल्या सरकारने गायरानांवरची अतिक्रमणे मोजून दिली, २ लाख २२ हजारांहून अधिक. खोपटी मोजता आली. सरकारने स्वतः किती गायरान घेतले, कोणत्या कामासाठी, त्यातले किती वापरात आले, हा आकडा मी शोधला, मला एका जागी कुठे सापडला नाही. १-ई आहे, तसा सरकारच्या घेण्याचाही एक नमुना असू द्या की.

गायरानांवर येणाऱ्या सौर प्रकल्पांना माझा विरोध नाही. रात्री दोनला उठून, बॅटरी धरून, विंचवा-सापाच्या वाटेने मोटर चालू करायला मीच जातो. दिवसा वीज मिळाली तर मला हवीच आहे. पण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे आणि सरकारी जमीन नाममात्र दरात मिळते. मग आधी हात कशावर पडणार, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

म्हणून मागणी अशी. सार्वजनिक जमीन कोणत्याही सरकारी कामासाठी द्यायची असेल, तर ताबा देण्याआधी तिची नोंद 'आपली चावडी' या महसूल खात्याच्या ऑनलाइन फळ्यावर गावाच्या नावाखाली आली पाहिजे. गट क्रमांक, क्षेत्र, मागणारा विभाग, काम आणि पर्यायी जमिनी का नाकारल्या याचे ते मत, जसेच्या तसे. ग्रामसभेपुढे ती वाचली जावी आणि हरकतीला मुदत असावी. त्याआधी दिलेला आगाऊ ताबा बेकायदेशीर ठरावा. पाच वर्षांत काम झाले नाही, तर जमीन गुरचरणाच्या नोंदीत आपोआप परत यावी, त्यासाठी गावाला अर्ज करावा लागू नये. आणि मागच्या वीस वर्षांत दिलेल्या जमिनींची यादी एकदा गावोगाव लावावी. ही यादी काढणे सगळ्यात अवघड जाईल, हे मला कळते.

प्रकल्प रखडतील, असे आपले अधिकारी सांगतील. पण आमच्याकडे ना नोटीस निघाली, ना कोणी हरकत घेतली. तरी खांबांच्या पलीकडे काही झालेले नाही.

शासन निर्णय काढून हे भागणार नाही. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो, आणि संहितेचे कलम ४० जमिनीच्या विल्हेवाटीचा सरकारचा अधिकार तसाही राखून ठेवते. दुरुस्ती संहितेतच हवी, विधिमंडळात चर्चा होऊन.

पत्राची पोच मिळावी. नुसता आवक क्रमांक कळवलात तरी चालेल.

आपला,
गायरानाला लागून असलेला एक खातेदार