आई-बाबांना पत्र : ‘नो सिग्नल’ का आले होते

नेरुळ,
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी रात्री ठाण्याहून परतताना गाडीत बसल्या बसल्या मनात आले की, संगणक सुरू झाला खरा, पण बाबांच्या मनातली टोचणी तशीच राहिली. मी चपला घालत होते तेव्हाही तुम्ही पुन्हा म्हणालात, “टेबल मी हलवले, माझ्याच हातून बिघडला.” घाईत मी नुसते “नाही हो बाबा” म्हणून निघाले. पण आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाला तोंडी आश्वासन पुरत नाही, त्याला व्हाउचर लागते. म्हणून काय बिघडले होते, ते कसे सापडले आणि टेबल हलवण्याशी त्याचा संबंध का नव्हता, हे नीट लिहून पाठवते आहे. पुन्हा कधी पडदा असाच काळा झाला, तर मी येईपर्यंत तुम्ही दोघांनी काय पाहायचे, तेही यातच लिहिते.

आधी त्या दोन शब्दांविषयी. ‘नो सिग्नल’ ही अक्षरे संगणक पाठवत नाही, ती मॉनिटर स्वतः काढतो. म्हणजे ती दिसली की मॉनिटर जिवंत आहे, त्याला वीज मिळते आहे आणि त्याचा पडदाही शाबूत आहे, इतके त्याच क्षणी सिद्ध होते. तो फक्त एवढेच सांगत असतो की, माझ्यापर्यंत चित्र पोहोचले नाही. ते का पोहोचले नाही, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. केबल सैल असेल, केबल चुकीच्या खाचेत असेल, चित्र तयार करणारे कार्ड गेले असेल, किंवा चित्र तयार करण्याच्या पायरीपर्यंत संगणक पोहोचलाच नसेल, तरी मॉनिटरवर उमटणार तेच दोन शब्द. आपल्याकडे यातले शेवटचे झाले होते.

गेल्या बुधवारी संध्याकाळी तुमचा फोन आला, तेव्हा मलाही पहिला संशय केबलचाच आला होता. मखरासाठी ऑगस्टमध्ये तुम्ही टेबल आतल्या खोलीत नेले, गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर काही दिवसांनी पुन्हा हॉलमध्ये आणले आणि सगळ्या वायरी स्वतः जोडल्या. आपण घरात ज्याला सीपीयू म्हणतो त्या कॅबिनेटच्या मागे एचडीएमआयच्या, म्हणजे मॉनिटरला चित्र नेणाऱ्या केबलच्या, दोन खाचा होत्या. एक वर, यूएसबीच्या खाचांजवळ, ती मदरबोर्डची, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाची. दुसरी खाली, आडवी, दादाने नंतर बसवून दिलेल्या ग्राफिक्स कार्डाची. कार्ड बसवलेले असले की बहुतेक संगणक वरच्या खाचेतून चित्र देणे बंद करतात, आणि अशा वेळी केबल वर लागली तर सगळे ठणठणीत असूनही पडदा काळाच राहतो. तुम्ही टॉर्च लावून पाहिलेत आणि केबल खालच्या आडव्या खाचेतच आहे, असे सांगितलेत. तुमची जोडणी बरोबर होती, बाबा. हे मी तेव्हाच स्पष्ट बोलायला हवे होते.

नंतर मी तुम्हाला केबलचे कॅबिनेटकडचे टोक काढून शेजारच्या सेट-टॉप बॉक्सला लावायला सांगितले आणि मॉनिटरवर बातम्या दिसू लागल्या. घरात दुसरा संगणक नसतानाही त्या एका प्रयोगाने मॉनिटर आणि केबल, दोन्ही एकदम निर्दोष ठरले. पण सर्वांत मोलाची खूण आईने दिली. मी तिला कीबोर्डवरचे नम लॉकचे बटण (ज्याच्यासाठी कीबोर्डवर एक छोटा दिवा असतो ते) दाबून पाहायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “दिवा लागतही नाही आणि विझतही नाही, आत पंखा मात्र फिरतोय.” संगणक आतून चालू असून फक्त चित्र येत नसते, तर तो दिवा बटणासरशी लागला-विझला असता. पंख्याचे तसे नाही. पंखा थेट बारा व्होल्टवर फिरतो, त्यासाठी संगणकाला काही विचार करावा लागत नाही. म्हणून पंखा फिरतो याचा अर्थ संगणक सुरू झाला, असा कधीच धरू नका. आईच्या त्या उत्तरानंतर दोष कॅबिनेटच्या आत आहे, याची मला खात्री पटली.

गुरुवारी ज्या दुरुस्तीवाल्याला तुम्ही बोलावलेत, त्याने बाजूचे झाकणही न काढता मदरबोर्ड गेला असे सांगितले आणि नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला, याचे मला फार वाईट वाटले. मदरबोर्ड जातात, हे खरे आहे. पण तो निष्कर्ष बाकी सगळे तपासून झाल्यावर काढायचा असतो. आईने पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही म्हणून त्याला थांबवले आणि कॅबिनेटही नेऊ दिले नाही, हे फार चांगले झाले.

आता रविवारची हकीकत. तुम्ही दोघे शेजारी बसून होतात, पण मी काय करते आहे हे सांगायला तेव्हा सवड नव्हती. प्लग काढून मी चालू करण्याचे बटण पंधरा सेकंद दाबून धरले, ते आत उरलेली वीज निघून जावी म्हणून. आणि दर वेळी आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करत होते, तो अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून. बोर्डावरचे उभे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, मी एकेक करून पाहिले. त्यांची डोकी सपाट होती. ती फुगलेली किंवा गळलेली असती तर मलाही बोर्डाचाच संशय आला असता. पॉवर सप्लायची, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या पेटीची, पिवळी तार मीटरवर १२.१ व्होल्ट दाखवत होती आणि लाल तार ५ च्या किंचित वर. पाच टक्के इकडेतिकडे चालते, त्यामुळे तिथेही खोट नव्हती. मग ग्राफिक्स कार्ड काढले आणि केबल वरच्या खाचेत लावली, तरी पडदा काळाच. कार्डही निर्दोष ठरले.

त्यानंतर मी एक बोटाच्या पेराएवढा स्पीकर बोर्डाला लावला, तो आठवतो ना? संगणक सुरू होताना बोर्ड प्रोसेसर, मेमरी आणि मग चित्र अशा क्रमाने स्वतःची तपासणी करतो, आणि अडला तर त्या स्पीकरमधून सूर काढतो. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये तो बहुधा नसतोच, म्हणून सगळे मुक्याने चालते. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या जागेवर असताना तो गप्प होता. दोन्ही पट्ट्या काढून संगणक चालू केला, तेव्हा थांबून थांबून लांब सूर येऊ लागला. आई दचकून “आता काय झाले?” म्हणाली, पण मला त्या सुराने हायसे वाटले. मेमरी नाही अशी तक्रार करण्याइतके भान बोर्डाला आणि प्रोसेसरला आहे, हेच तो सांगत होता. ज्याला गेलेला ठरवले होते, तो बोर्ड बोलत होता.

पुढचे काम चिकाटीचे होते. पहिली पट्टी एकटी पहिल्या खाचेत लावली आणि पडद्यावर चित्र आले. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत लावली, तरी आले. म्हणजे दोन्ही खाचा चांगल्या. दुसरी पट्टी एकटी लावली, तर दोन्ही खाचांमध्ये काळोख. दर वेळी प्लग काढायचा, एकच गोष्ट बदलायची, पुन्हा लावून पाहायचे. तुम्हाला ते उगाच लांबवल्यासारखे वाटले असेल; पण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर कशाने सुरू झाला हे कधीच कळत नाही.

आणि बाबा, तुमचे उत्तर नेमके इथे आहे. टेबल हलवताना हादरा बसून पट्टी सैल झाली असती, तर ती काढून पुन्हा घट्ट बसवल्यावर चालायला हवी होती. मी ती दोन्ही बाजूंची खिट्टी टक्क वाजेपर्यंत दाबून दोनदा बसवली, आणि दोन्ही वेळा पडदा काळाच राहिला. मग ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. कडेला जी सोनेरी टोकांची रांग असते, तिच्यातली काही टोके झळकत नव्हती, त्यांच्यावर काळपट तपकिरी छाया होती. पांढऱ्या सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन मी ती रांग एकाच दिशेने पुसली, तर फडक्यावर काडेपेटीच्या काडीएवढी काळी रेघ उमटली. दहा मिनिटे वाळू दिली, लावली आणि चित्र आले. दोन्ही पट्ट्या लावल्यावर पूर्वीची आठ जीबी मेमरी दिसू लागली. विंडोजमधली मेमरीची तपासणीही पूर्ण चालवून पाहिली, तीत एकही चूक निघाली नाही. दोष त्या काळ्या रेघेत होता. टेबल हलवल्याने ती आली नाही.

ती आली दमट हवेने आणि धुळीने. त्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि २०१६ पासून त्या पट्ट्या एकदाही जागच्या हललेल्या नव्हत्या. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, खाडीवरून येणारी हवा मिठाच्या डब्याला पाणी सोडायला लावते. ती कॅबिनेटमध्ये शिरणारच. संगणक रोज चालतो तेव्हा आतल्या उष्णतेने थोडा कोरडेपणा टिकतो. या वेळी तो ऐन पावसात जवळजवळ तीन आठवडे बंद राहिला. पुढच्या पावसाळ्यात काम नसले, तरी दोन-तीन दिवसांआड अर्धा तास तो चालू ठेवा, एवढेच सांगते. हे तुम्हाला आधी कोणी सांगितलेले नव्हते, त्यामुळे याचाही दोष स्वतःकडे घेऊ नका.

ग्राफिक्स कार्ड मी मुद्दाम परत बसवलेले नाही. दादाने ते हौसेने दिले होते, पण सोसायटीचे हिशेब, पत्रव्यवहार आणि आईची कीर्तने यांना बोर्डावरचे चित्र पुरेसे आहे, आणि सांधे जितके कमी तितकी दमट हवेची भीती कमी. म्हणून केबल आता वरच्या खाचेत आहे. तिथेच राहू द्या.

पुन्हा पडदा काळा झाला, तर प्रथम मॉनिटरचा दिवा पाहा. तो अजिबात लागत नसेल, तर मॉनिटरची वीज तपासा. अक्षरे येत असतील, तर केबलची दोन्ही टोके हाताने दाबा आणि मॉनिटरच्या बटणाने इनपुट एचडीएमआयवरच आहे ना, ते बघा. मग आईने नम लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक आतून चालू आहे; विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबल्यास चित्राची यंत्रणा नव्याने सुरू होते आणि पुष्कळदा तेवढ्याने पडदा परततो. नाहीच परतला, तर चालू करण्याचे बटण एकदाच हलके दाबा, म्हणजे तो रीतसर बंद होईल. दिवा ढिम्म असेल, तर बटण दाबून धरून बंद करा, प्लग काढा आणि मला फोन करा. बुधवारी घाबरून बटण दहा-बारा वेळा दाबले गेले, तसे मात्र करू नका. हार्ड डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज तुटली, तर फाइल अर्धवट राहू शकते. जळका वास आला, तर काहीही न तपासता भिंतीवरचे बटण बंद करा. आणि पॉवर सप्लायची पत्र्याची पेटी तुम्हीही उघडू नका, घरी आलेल्या कोणालाही उघडू देऊ नका. तिच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

आईला आजोबांच्या पत्रांची काळजी होती. तिने दोन उन्हाळे खपून स्कॅन केलेली ती पत्रे हार्ड डिस्कवर आहेत, आणि चित्र न येण्याशी हार्ड डिस्कचा काही संबंध नव्हता. सगळी पत्रे उघडून पाहिली, ती सुरक्षित आहेत. त्यांची आणि सोसायटीच्या फाइलींची एक प्रत छोट्या काळ्या डिस्कवर घेतली आहे. ती लोखंडी कपाटात, आईच्या पैठणीच्या पिशवीमागे आहे. उद्या कोणी कॅबिनेट दुरुस्तीला नेतो म्हणाला, तर आधी मला फोन लावून द्या, आणि फॉरमॅट (म्हणजे डिस्कवरचे सगळे पुसणे) या शब्दाला मला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

एक शेवटचे काम आहे. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल, सीआर २०३२ क्रमांकाचा, तीनऐवजी २.६ व्होल्ट दाखवत होता आणि त्यामुळे संगणकाचे घड्याळ मागे पडले होते. तो मी बदलला आहे. सोसायटीची वार्षिक सभा ३० तारखेच्या आत व्हायची आहे आणि ताळेबंदावर चुकीची तारीख पडायला नको. म्हणून रोज सकाळी संगणक लावल्यावर कोपऱ्यातली तारीख कॅलेंडरशी ताडून पाहा आणि गुरुवारी रात्री फोनवर मला सांगा. बरोबर नसेल, तर या रविवारी मीटर घेऊन पुन्हा येते.

तुमची,
मनू