रंगभूषाकाराचे नाव कुठे?

रविवारच्या पुरवणीतील भयपटांवरचा लेख वाचला. दिग्दर्शक, नट, संगीतकार साऱ्यांची दखल घेणाऱ्या या लेखात एकाही रंगभूषाकाराचे नाव नाही, हे खटकले. ‘द एक्झॉर्सिस्ट’मधील (१९७३) वृद्ध धर्मगुरू साकारताना मॅक्स फॉन सिडो जेमतेम चाळिशीत होते. ते वार्धक्य डिक स्मिथ यांच्या रंगभूषेचे! तेव्हा ऑस्करमध्ये रंगभूषेचा नियमित विभागच नव्हता. तो १९८१च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिला मान रिक बेकर यांनी घडवलेल्या लांडगा-मानवाला मिळाला. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांना तर २००६च्या चित्रपटांपर्यंत थांबावे लागले. मुंबईच्या स्टुडिओंत नटाच्या चेहऱ्यावर तासन्‌तास राबणाऱ्या कारागिरांचा उल्लेख आपल्या पुढील चित्रपट परीक्षणांत तरी नावानिशी व्हावा, ही विनंती.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई