फाल्गुनातला पाटणादेवीचा फेरा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाटणादेवीच्या देवळापासून चढून, डोंगराच्या धारेने फिरून पुन्हा देवळापाशी उतरायचं ठरवलंत, बरं केलंत. पळस बघायचा तर फाल्गुनच. श्रावणात डोंगर हिरवागार असतो, धवलतीर्थाचा धबधबा कोसळत असतो, पण शेवाळल्या खडकावर पाय ठरत नाही. दिवाळीनंतर कुसळं मोज्यांत घुसून दिवसभर टोचतात. फाल्गुनात साग उघडा पडतो आणि धारेवरून चाळीसगावाकडचा मुलूख पार लांबवर दिसतो.

मात्र सागाचं तेच पान घात करतं. ताटाएवढं वाळकं पान, त्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढे मुरमाचे खडे. उतारावर टाच रोवायला जावं तर पान आणि खडे दोन्ही निसटतात. काठीनं पाचोळा बाजूला सारा, पाऊल आडवं ठेवा, तळवा अख्खा टेकवा. चढताना जमेल तितकी उभी वाट घ्या, उतरायला डोंगराची सौम्य उताराची सोंड ठेवा. गुडघे उतरतानाच जातात.

वाट चुकली तर नाल्यानं खाली उतरू नका, हे सगळ्यांना बजावून सांग. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांचा. टणक थराचा कडा होतो, मऊ थराची पायरी. नाला आधी दोन-तीन पायऱ्या सहज उतरवतो आणि मग कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो. पुढे कडा, आणि मागे जिथून घसरत आलात तिथं चढता येत नाही. शेवटची ओळखीची खूण सापडेपर्यंत आल्या पावली मागे फिरा. वाटेचा माहीतगार माणूस सोबत घेतलात तर मला जास्त बरं वाटेल.

फाल्गुनात नाले आटलेले असतात. माणशी ४ लिटर पाणी, मीठ-साखर वेगळी. अर्धं पाणी संपलं की जिथं असाल तिथून परत. उजाडताच निघा, हा उतार उत्तरेकडचा, सकाळी सावली मिळते, माथ्यावर मात्र अकरानंतर ऊन भाजतं. कपारींत आग्यामोहोळ असतं, तेव्हा अत्तर नको, धूर नको. काडी तर खिशातच नको, पाचोळा क्षणात पेटतो. अभयारण्य आहे, नाक्यावर नोंद करूनच आत जा.

आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करायचं ठरवलंय. किती जण येताय ते शुक्रवारपर्यंत कळव.

तुझे,
अण्णा