प्रोग्राम कोऱ्या मशीनवर चालवून दाखवा

संपादक साहेब,

सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना आपली नाशिकची पोरं बिलिंगचे, स्टॉकचे प्रोग्राम करून देतात आणि चांगले करतात. पण तीच एक्सई (म्हणजे तयार प्रोग्रामची फाइल) मालकाच्या कॉम्प्युटरवर टाकली की 'मॉड्यूल (कोडचा लागणारा भाग) सापडलं नाही' नाहीतर 'डीएलएल (विंडोजवर प्रोग्रामला लागणारी जोड-फाइल) मिसिंग' येतं आणि सगळ्या मेहनतीवर पाणी. फार वाईट वाटतं.

पायथॉन भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी सांगतो, पायइन्स्टॉलर (पायथॉन कोडची एक्सई बनवणारं टूल) कोड वाचून जे इम्पोर्ट (वापरायला घेतलेली मॉड्यूलं) सरळ लिहिलेत ते गोळा करतं, पण जे मॉड्यूल प्रोग्राम चालताना नावावरून लोड होतं ते त्याला सहसा दिसत नाही, ते हिडन-इम्पोर्ट हा पर्याय देऊन आपणच सांगावं लागतं. बिल्ड फोल्डरमध्ये 'वॉर्न'ने सुरू होणारी एक फाइल असते, न सापडलेल्या मॉड्यूलची यादी तिच्यात असते, ती कोणी उघडतच नाही! (त्यातली बरीच नावं सोडून देण्यासारखी असतात, लिनक्सची मॉड्यूलं विंडोजवर कुठून सापडणार.) आणि लगेच एकच फाइल करायचा हट्ट नको, आधी फोल्डर बिल्ड (सगळ्या फाइली एका फोल्डरात) करा, कन्सोल (एरर दाखवणारी काळी खिडकी) चालू ठेवा, कमांड प्रॉम्प्टवरून चालवा, म्हणजे पूर्ण एरर वाचता येते. व्हीसीरनटाइम१४० नावाची डीएलएल मागत असेल तर बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हे पॅकेज टाकलं की भागतं, कुठल्यातरी साइटवरून सुटी डीएलएल उचलू नका प्लीज, व्हायरस येऊ शकतो.

शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना कळकळीची विनंती, फायनल इयरचा प्रोजेक्ट पायथॉन नसलेल्या कोऱ्या मशीनवर चालवून बघूनच मार्क द्या.

एक प्रोग्रामर, इंदिरानगर, नाशिक