रविवारची भेट: तूवे यान्सनचा बेटावरचा उन्हाळा (नक्की वाचा!)

मंडळी नमस्कार, येत्या रविवारी सकाळी साडेदहाला वाचनालयाच्या वरच्या खोलीत भेटायचंय. यावेळी विषय मूमिनवाल्या तूवे यान्सनचा (मूमिन या मुलांच्या गोष्टी लिहिणारी फिनलंडची लेखिका), पण गोष्टींपेक्षा तिच्या उन्हाळ्यांबद्दल जास्त बोलू.

थोडं आधी सांगून ठेवते. फिनलंडच्या आखातात क्लोव्हहारुन नावाचं एवढंसं खडकाळ बेट आहे, तिथं तिनं आणि तिची जोडीदार तूलिक्की पिएतिला, ही चित्रकार, दोघींनी १९६५ च्या सुमारास एका खोलीचं घर उभं केलं, चारी दिशांना खिडक्या, वीज नाही की नळ नाही, आणि मग २५ हून जास्त उन्हाळे तिथंच काढले. जाळी टाकायची, वाहून आलेली लाकडं गोळा करायची, होडी सांभाळायची आणि मधेच लिहायचं. गंमत म्हणजे घर बांधूनही या बऱ्याचदा बाहेर तंबूतच झोपायच्या! बालसाहित्याचं १९६६ चं अँडरसन पारितोषिक मिळालेली बाई हो ही तूवे.

आता कामाचं:
- मूमिनचं कुठलंही एक पुस्तक वाचून या, इंग्रजी चालेल. नाही झालं तरी या.
- ज्यांच्याकडे ग्रुपची पुस्तकं अडकलीत त्यांनी प्लीज आणा, तिसऱ्यांदा सांगतेय.
- मुलांना आणा, बेटाचा नकाशा काढायचाय, रंग घरून.
- येणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथं हो टाका, चहापोह्यांचा अंदाज लागतो.

वर पंखा एकच आहे, पाण्याची बाटली विसरू नका.