चाकाखालचा पुठ्ठा

जय गुरुदेव

ता. वरूड, जि. अमरावती
१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार, रात्री

चि. मंगेश यास अनेक आशीर्वाद.

काल तू न जेवता गेला. आईनं बांधून ठेवलेला डबा ओट्यावर तसाच राहिला. तू फाटकाबाहेर पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "पोट्टं उपाशी गेलं ना तुमच्यापायी." मग आज दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तुला दोनदा फोन लावला, तू उचलला नाही. कामात असशील. फोनवर तसंही माझा आवाज चढतो, म्हणून लिहून राहिलो. नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्र्याची गाडी पहाटे चारला निघते, तिच्यासोबत डबा अन् हे पत्र पाठवतो.

बगिचा ठीक आहे. संत्र्याच्या अंबिया बहाराची तोड अर्धी झाली, नदीकडच्या पट्ट्यातलं फळ लहान राहिलं. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे पण बाया मिळून नाही राहिल्या. चिऊचा खोकला कमी झाला का ते कळव. स्वातीला सांग, नवी तूर निघाली की डाळ भरडून पाठवतो.

आता गाडीचं, जिच्यावरून काल आपलं बिनसलं. लिहायला बसलो तेव्हा आईनं बजावलं, "ब्रेक-ब्रेक करू नका. अन् लिवाचंच असन तर खरं काय ते लिवा एकदाचं." मी म्हटलं, बरं.

काल जे बोलायला पाहिजे होतं ते पहिले लिहितो. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी, आपल्या फियाटच्याच जातीची, रस्त्यावरून उतरली. ती बातमी वाचून तू फोन केला होता, "बाबा, आपली फियाट कोठ्यातच आहे ना?" मी म्हटलं, आहे, पण तिच्यात गाडीचं काही राहिलं नाही. खोटं नव्हतं ते. वीस वर्षांत टपावर पऱ्हाटी रचली, डिकीत युरियाची रिकामी पोती कोंबली, मागच्या सीटवर कोंबड्यांनी किती खेपा पिल्लं काढली त्याचा हिशेब नाही. उंदरांनी वायरिंगची एक दोरी शाबूत ठेवली नव्हती. तू आला, दार ओढलं तर हँडल हातात आलं. पायाखालचं गोणपाट उचलून पेचकस टेकवला, तर पापडातून जावा तसा आरपार गेला अन् खालचं शेण दिसलं. मला वाटलं, पोरगा आता दार लावून परत जाईल. तू खिशातून खडू काढला अन् सडलेल्या पत्र्याभोवती रेघ मारायला बसला.

वेल्डिंगवाला म्हणत होता, वरून पट्टी मारून पुट्टी भरून देतो, कोणाला दिसणार आहे. तू ऐकलं नाही. जिथवर गंज होता तिथवर कापून नवा पत्रा बसवून घेतला. अन् वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी काढून दूर विहिरीजवळ नेऊन ठेवली, कारण रिकाम्या टाकीतल्या वाफा भरल्या टाकीपेक्षा वाईट. हे तुला मी सांगितलं नव्हतं. त्या टाकीत पेट्रोलचा गुळाच्या राबेसारखा काळा चिकटा झाला होता. आपण दोघांनी आत बारीक खडी अन् साखळी टाकून धान्य पाखडावं तशी ती हलवली, दोन शनिवार, तुझे खांदे भरून आले होते. माझेही आले होते, मी बोललो नाही.

अन् इंजिन. चारही प्लग काढून सिलिंडरात डिझेल अन् ऑइल मिसळून ओतलं, आठ दिवस ठेवलं. पुलीच्या नटाला पाना लावला, नाही हललं. अजून आठ दिवस. अजून आठ. मी म्हणत होतो, पाना लांब कर, पाइप चढव, जोर मार. तू म्हणाला, "नाही बाबा, रिंगा तुटतील." चौथ्या शनिवारी मी पुलीवर बोट टेकवून उभा होतो, तुझ्याआधी माझ्या बोटाला कळलं. अर्धा इंचसुद्धा नसेल. तू ओरडला नाही, काही नाही. पाना तसाच धरून मागंपुढं, मागंपुढं करत राहिला, जसं झोपलेल्या माणसाला हलवावं. माझे वडील, आपले आबाजी, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचे तेव्हा असेच बसायचे. तासन् तास, तोंडातून शब्द नाही. माझ्या हातात ते कधी आलं नाही. तुझ्या हातात ते पाहिलं अन् मला आबाजींची फार आठवण झाली.

दसऱ्याला गाडी सुरू झाली तेव्हा मी कोठ्यामागं निघून गेलो होतो. आईला सांगितलं, डोळ्यात धूर गेला. तो आवाज तोच होता रे. १९८६ साली आबाजींनी दोन वर्षांच्या संत्र्याच्या पैशातून ही १९७९ ची गाडी अमरावतीहून जुनी विकत आणली, तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. धुऱ्यावर उभा राहून लांबूनच तिचा आवाज ऐकला होता. त्या काळात नव्या गाडीला नंबर लावून वर्षं निघायची. आबाजींना स्वतःला चालवता येत नव्हतं. स्टेअरिंगच्या दांडीवरचा गिअर ते बाजूला बसून नुसता पाहायचे. पण दर पोळ्याला बैलांसोबत तिला ओवाळायचे.

ज्यानं एवढं केलं त्याला मी ब्रेकचं काय सांगायचं, असं तुला वाटत असेल. काल तू विचारलं, "बाबा, तुमचा विश्वास गाडीवर नाही का माझ्यावर नाही, ते एकदा सांगा." मी उत्तर दिलं नाही. तुझ्यावर आहे. तू चारही व्हील सिलिंडर बदलले, मास्टर सिलिंडर नवा टाकला, लायनर बसवले, सगळं माझ्या डोळ्यादेखत. पण लोखंडी पाइप जुनेच राहिले. तू म्हणाला, वरून चांगले आहेत. मंगेश, ब्रेकचा पाइप आतूनही सडतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, बाटलीचं झाकण उघडं राहिलं तरी ओढतं. ते पाणी पाइपात बसून गंज करतं. अन् नुसता गंज नाही. डॉट ३ चं नवं कोरडं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यालेलं ऑइल १४० च्या आसपासच उकळायला लागतं. उताराला ड्रम तापले की ऑइलाची वाफ होते. वाफ दबते, तिच्यातून पायाचा जोर चाकापर्यंत जात नाही. पेडल खाली बसतं, बस्स. आपल्या गाडीला चारही चाकांची लाइन एकच, एक गेलं की चारही गेले. दोन वर्षांत ऑइल बदललंच पाहिजे. अन् घाटात गाडी ज्या गिअरवर चढली त्याच गिअरवर उतरवायची, कधीच न्यूट्रल...

पाहा, पुन्हा तेच. आई समोर बसून तूर निवडते आहे, मी काय लिहितो ते तिला चेहऱ्यावरूनच कळतं. माफ कर. हे सगळं तुला माहीत आहे, तुझ्या मोबाइलमध्ये माझ्यापेक्षा जास्त आहे. कागदांचं तेवढं सांगतो अन् थांबतो: वीस वर्षांवरच्या कारची नोंदणी पुढं चालवायची फी आता दहा हजार झाली आहे. जुनी ऐतिहासिक गाडी म्हणून नोंद करायला ५० वर्षं भरावी लागतात, म्हणजे आपल्याला २०२९ पर्यंत थांबावं लागेल. तेव्हा साधी नोंदणीच कर. पैसे मी अंबियाच्या हिशेबातून देतो. त्यासाठी अडून राहू नको.

आता आईनं सांगितलेलं.

तू डिसेंबरात स्वातीला अन् चिऊला घेऊन याच गाडीनं चिखलदऱ्याला जाणार आहे. भीमकुंड दाखवणार, अन् परतताना गवा आडवा आला होता ती जागा दाखवणार. चिऊनं मला फोनवर विचारलं होतं, "आबा, तो गवा केवढा होता?" मी म्हटलं, खूप मोठा होता.

गवा नव्हता, मंगेश.

२००३ चा ऑगस्ट होता. तू नऊ वर्षांचा. पुढचं सीट अखंड होतं, तू आमच्या दोघांच्या मधात, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. पाऊस नुकताच थांबला होता. मिस्त्रीनं मला उन्हाळ्यातच सांगितलं होतं की ऑइल काळं पडलं, सिलिंडरचे रबर फुगले, साडेतीनशे रुपये लागतील. त्या वर्षी संत्र्याला भाव नव्हता. मी म्हटलं, दिवाळीनंतर पाहू. अन् अकराशे मीटरवरून परतवाड्याकडं उतरताना पेट्रोल वाचावं म्हणून मी गाडी न्यूट्रलवर सोडली होती. ब्रेकवर पाय ठेवून ठेवून उतरत होतो. आधी जळका वास आला. आई म्हणाली, कायचा वास येऊन राहिला? मी म्हटलं, ट्रकचा असेल पुढच्या. पुढं ट्रक नव्हता.

मग एका वळणावर पाय दाबला अन् तो खाली गेला. खाली म्हणजे पूर्ण तळापर्यंत, चिखलात पाय जावा तसा. पुन्हा पंप केला, पुन्हा तळाला. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी. मी दुसरा गिअर कसा टाकला ते आठवत नाही, गिअरचा करकर आवाज तेवढा आठवतो. हँडब्रेक ओढला अन् गाडी डोंगराकडच्या नालीत घातली. पत्रा खडकाला घासत गेला. गाडी थांबली तेव्हा तू आईच्या मांडीवर होता, तिनं उजवा हात तुझ्यावरून डॅशबोर्डला टेकवला होता. तुला खरचटलंसुद्धा नाही. तिचं मनगट मोडलं. भाकर थापताना ती डाव्या हातावर जोर देते, ते तू लहानपणापासून पाहतो, कधी विचारलं नाही, कारण तुला सांगितलं होतं की गव्यामुळं.

खोटं पहिल्यांदा तुझ्याशी बोललो नव्हतो. ट्रॅक्टरनं गाडी ओढून आणली तेव्हा आबाजी फाटकात उभे होते. चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवला अन् विचारलं, "जनावर आलं का आडवं?" मी म्हटलं, हो, गवा. गाडी त्यांची होती. साडेतीनशे रुपयांसाठी तिची अन् सुनेची अन् नातवाची ही गत केली, हे मला तोंडातून काढता आलं नाही. दोन वर्षांनी ते गेले, गवाच समजून गेले. तोवर तू शाळेत गव्यावर निबंध लिहिला होता, गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला होता. मग कधी सांगायचं? मी चावी धान्याच्या कोठीत टाकली अन् गाडीवर पऱ्हाटी रचली. लोक विचारत, दुरुस्त का करत नाही, मी म्हणायचो, पार्ट मिळत नाहीत.

आई बावीस वर्षांत एकदाही तुझ्यासमोर मला खोटं पाडून बोलली नाही. तिला तू काही विचारू नको. विचारायचं ते मला विचार. अन् चिऊला काय सांगायचं ते तू ठरव, मी तिच्याशी बोलायला तयार आहे.

काल तू गेल्यावर मला झोप लागली नाही. अकराच्या सुमारास टॉर्च घेऊन कोठ्यात गेलो. गाडीत बसून ब्रेक दाबून धरला अन् आकडे मोजायला लागलो. पेडल कडक होतं, तुझं काम चांगलंच आहे. साठाच्या आसपास ते हळूहळू खाली सरकायला लागलं. दुसऱ्यांदा मोजलं, तेव्हाही तसंच. मग संत्र्याच्या पेटीचा पुठ्ठा फाडून चारही चाकांच्या आतल्या बाजूला एक-एक तुकडा सरकवला. सकाळी तीन कोरडे होते. मागच्या उजव्या चाकाजवळच्या तुकड्यावर चार आण्याएवढा डाग होता.

मला वाटलं, एक्सलचं ऑइल असेल, जुन्या गाडीला तेवढं सुटतंच. म्हणून पुठ्ठ्याचा कोपरा कापून वाटीतल्या पाण्यात टाकला. एक्सलचं असतं तर पाण्यावर तवंग आला असता. तवंग आला नाही, डाग पाण्यात मिसळून गेला. ब्रेकचंच आहे. मग पाठीवर झोपून आत सरकलो (आईला हे सांगू नको), मागच्या एक्सलवरून जो पाइप जातो त्याला जिथं क्लिप धरते तिथं बोट फिरवलं. क्लिपेखाली पाइप फुगल्यासारखा लागतो अन् बोट ओलं होतं. तू टाकलेले सिलिंडर कोरडे आहेत, हात लावून पाहिले. मला वाटतं, नव्या सिलिंडरांनी पूर्ण दाब धरला अन् तो जुन्या पाइपाला झेपला नाही.

मी काही खोललं नाही. एक नट हलवला नाही. गाडी तुझी आहे, तू येशील तेव्हा तूच उघड. चावी खुंटीवर आहे, मी लपवली नाही. लपवावी असं रात्री एकदा मनात आलं होतं.

उरलेला पुठ्ठा डब्याखाली घडी करून ठेवला आहे. डागाभोवती पेनानं गोल केला आहे. शनिवारी येताना नागपूरहून पाइप आणशील तर चारही चाकांचे आण. मोजमाप पाहिजे असेल तर फोन कर, मी टेप घेऊन कोठ्यात जातो.

तुझा
बाबा

ता.क. डब्यात वरच्या पुडात तिळाची चटणी आहे, ती चिऊसाठी नाही, तिखट आहे. आई म्हणते, डबा मिळाल्यावर फोन तिला करायचा.