नावावरून क्रमांक शोधताना

संपादक महोदय,

सांगली-मिरजेतली अनेक मुले हल्ली गेमसाठी स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) लिहितात आणि वस्तूंचे क्रमांक थेट कोडमध्ये ठोकतात. माइनक्राफ्ट या गेममध्ये लाल लोकरीचा क्रमांक ३५:१४ होता, २०१८च्या १.१३ आवृत्तीने हे आकडेच काढून टाकले, जुन्या स्क्रिप्ट मोडल्या.

त्याऐवजी स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच वस्तूच्या नावावरून क्रमांक देणारा तक्ता एकदाच बनवावा. दर वेळी पूर्ण यादी चाळली तर गेम अडखळतो. खरी गोची सारख्या नावांची. रूनस्केप या गेममध्ये वस्तू आणि तिची ‘नोट’ (वस्तूऐवजी बाळगायचा कागद) यांचे नाव एकच, क्रमांक वेगळे. म्हणून एका नावापुढे क्रमांकांची यादीच ठेवावी, नाहीतर नंतरचा क्रमांक आधीचा पुसतो. नाव न सापडल्यास शून्य देऊ नये (जुन्या माइनक्राफ्टमध्ये शून्य म्हणजे हवा!), सरळ एरर दाखवावा.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली